दाजी घाडींचा चीन

चहाला बोलावले असता यजमानांच्या पडद्यावर खोटेपणाचा आरोप करणारा गृहस्थ मला डिलाईल रोडवर एकच आढळला: आमच्या शेजारच्या खोलीतले दाजी घाडी. कप बशीत ठेवायचे, पडद्याचे कापड चिमटीत धरायचे आणि विचारायचे, "हा चीन बघितलाय कोणी?"

चाळीत घरोघरी गिरणीच्याच कापडाचे पडदे, आणि त्यांवर चिनी बाग असे. पूल, वाकलेली झाडे, छत्रीवाली बाई. दाजी गिरणीच्या छपाई खात्यात होते आणि ही बाग त्यांनी उभ्या नोकरीत मैलोगणती छापली होती. चित्र मुळात कोणा इंग्रजाचे. संप पुकारला गेला, दाजी घरी बसले आणि खिडकीवरचा पडदा त्यांनी प्रथमच निवांत पाहिला.

"वकील," ते मला म्हणाले. मी न्यायालयातला निवृत्त कारकून. हा भेद त्यांना मान्य नव्हता. "एवढी मोठी बाग, आणि माळी एक नाय. झाडतं कोण? हा गोरा चीनला गेलेलाच नाय. नोटीस काढा."

चित्रकार मरून पिढ्या उलटल्या असाव्यात, सबब दावा मुदतबाह्य आहे, असे मी सांगितले.

"मग वारसांना काढा."

खोट्या साक्षीची मला उपजत चीड असल्यामुळे मी कडक मसुदा केला. पत्त्याअभावी तो रवाना झाला नाही, एवढेच.

इंग्रज मिळेना, तेव्हा दाजींनी चिनी साक्षीदार गाठला. भायखळ्याच्या एका चिनी दंतवैद्याकडे ते पडद्याची घडी काखेत मारून गेले. मीही सोबत होतो. दवाखान्याच्या भिंतीवर तशीच बाग, चौकटीत बसवलेली.

"डॉक्टर, तुमच्याकडे बाग अशीच असते?"

"आमच्याकडे म्हणजे माझगावला? काका, चायना माझ्या बापानं पण नाय बघितला."

"मग हे लावलंय कशाला?"

"पेशंटला बरं वाटतं. नाय लावलं तर विचारतात, तुम्ही नक्की चायनीज ना? आ करा."

दाजींनी आ केला. परतताना त्यांची एक दाढ कमी होती. मत मात्र अबाधित होते.

पुढे गिरणी काही उघडली नाही, आणि ओस पडलेले गिरणगाव पाहायला बाहेरचे लोक येऊ लागले. एके सकाळी एक गोऱ्या चित्रकार बाई आमच्या चाळीच्या चौकात स्टूल मांडून बसल्या. दाजींचा चेहरा उतरला.

"झालं, वकील. आता आपला चीन होणार. उद्या कोणाच्या तरी खिडकीवर लटकू आपण."

त्यांनी बाईंच्या पाठीमागे खुर्ची टाकली आणि दिवसभर पहारा दिला. "नळावर भांडण चाललंय, ते घ्या म्हणावं. भांडणातली ती भीमाबाई जाड आहे, तशीच काढा, नायतर वर येऊन आम्हाला बोलेल." मी प्रत्येक सूचना न्यायालयीन इंग्रजीत पोहोचवीत होतो. बाई निमूटपणे दुरुस्त्या करीत होत्या.

संध्याकाळी चित्र पुरे झाले आणि खोट मला सापडली. दाजींच्या दारासमोरच्या कठड्यावर बाईंनी एक हिरवे लुगडे वाळत घातले होते. त्या कोपऱ्यात रंग हवा होता, असे त्यांचे म्हणणे.

दाजींच्या कठड्यावर लुगडे असणे अशक्य होते. संपात दोघांचे भागेना, म्हणून त्यांनी पत्नीला गावी धाडले होते. गिरणी चालू झाली की आणतो, असे सांगून. ती तिकडेच तापाने गेली. तेव्हापासून त्या कठड्यावर दाजींचाच लेंगा वाळे.

हे चित्रण वस्तुस्थितीस धरून नाही, असे मी बाईंना चढ्या आवाजात सुनावले. पुढचे वाक्य तयार होते. पण दाजींनी माझ्या दंडावर हात ठेवला. ते चित्राजवळ वाकले.

"वकील, बाईंना विचारा," ते म्हणाले, "जरा ओलं दाखवता येईल काय? आत्ताच पिळून टाकल्यासारखं?"

मी विचारले. बाईंनी बारीक कुंचला उचलला आणि लुगड्याच्या काठाखाली, फरशीवर, थोडे पाणी ठिबकवले.

"हां," दाजी म्हणाले. "आता बरोबर."