कदमबाईंची चुगलखोर गाडी

आमच्या कदमबाई हेल्मेट घालून शेअर रिक्षात बसायच्या. दोन्ही बाजूंनी माणसं, मांडीवर कुणाची तरी मेथीची पिशवी, मध्ये चेपलेल्या बाई आणि त्यांच्या डोक्यावर काच खाली ओढलेलं लालभडक हेल्मेट. एकदा जालना रोडवर रिक्षावाल्यानं आरशात पाहून विचारलंच, "क्या मॅडम, मेरी गाडी पे इत्ता बी भरोसा नै?"

बाई काचेआडून म्हणाल्या, "तुज्यावर हाय रे बाबा. लोकांवर नाय."

रिक्षातले सगळे हसले. शेजारी बसलेली मीही हसले.

बाई सिडकोतल्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवतात, मी मराठी. बाईंकडे चांगली चकचकीत स्कुटी होती. सकाळी तिच्यावरून यायच्या, आवारातल्या लिंबाखाली लावायच्या आणि मग घरी जाईपर्यंत तिला हात लावायच्या नाहीत. खडू-रंग आणायचे असोत, बँकेत जायचं असो, बाई रिक्षानंच जाणार. विचारलं की उत्तर ठरलेलं, "गाडी चुगलखोर हाय. तिला सोबत न्यायचं नाय."

मोबाईलही त्या बऱ्याचदा डिकीतच ठेवायच्या. भर दुपारी डिकीतून रिंगटोनची आरती सुरू झाली, की वॉचमन सलीमभाई जिन्याखालून ओरडायचे, "मॅडम, तुमची स्कुटी रो री है!" स्टाफरूममध्ये हशा पिकायचा. चित्रकलेची माणसं अशीच, असं म्हणून आम्ही तो विषय संपवायचो.

एकदा माझी गाडी बंद पडली. मी म्हटलं, "बाई, चला की, मला पडेगावला बहिणीकडं सोडा." बाईंचा चेहरा उतरला. त्या मला लिंबाखाली घेऊन गेल्या, स्कुटीचं सीट उचललं, आतलं एक झाकण काढलं. वायरींच्या गुंत्यात काडेपेटीएवढा काळा डबा होता. त्यावर लाल ठिपका लुकलुकत होता.

"ही माजी दुसरी सासू," बाई म्हणाल्या. "गाडी सुरू झाली की यांच्या मोबाईलवर टिंग वाजतं. कुठं गेले, कुठं थांबले, किती वेळ थांबले, सगळं दिसतंय त्यांना."

'हे' म्हणजे बाईंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळं सगळे त्यांना साहेबच म्हणतात. त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, पल्लवीनं, घरी न विचारता लग्न केलं. मुलगा कन्नड गावचा, ट्रॅक्टरच्या दुकानात मिस्त्री. साहेबांनी जाहीर केलं, या घरात तिचं नाव निघणार नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्कुटीत हा डबा आला. गाड्या फार चोरीला जातात, काळजी म्हणून बसवला, असं त्यांनी सांगितलं. बाईंनाही ते खरं वाटलं.

मग एका संध्याकाळी जेवताना साहेब म्हणाले, "वरण वाढ." आणि त्याच आवाजात पुढं, "काल पडेगावला कुणाकडं थांबली होतीस?"

आदल्या दिवशी पल्लवी पडेगावच्या मैत्रिणीकडं आली होती. मायलेकी तिथं भेटल्या होत्या.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? वरण वाढलं."

मी चिडले. म्हटलं, "हे बरोबर नाही, बाई. उपटून फेका तो डबा."

बाईंनी झाकण परत बसवलं, सीट हळूच खाली केलं. "उपटला की त्याचंबी टिंग वाजतं."

त्या दिवशी मला हेल्मेटचा उलगडा झाला. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी एलिमेंटरी परीक्षेचे जादा तास आहेत, असं बाईंनी घरी सांगून ठेवलं होतं. गाडी शाळेत, मोबाईल शाळेत, म्हणजे बाई शाळेत. प्रत्यक्षात बाई डोक्यावर हेल्मेट चढवून रिक्षानं बसस्टँडला, तिथून एसटीनं कन्नडला. स्टँडवर साहेबांच्या ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोंड दिसू नये. संध्याकाळी परत येऊन स्कुटीवरून सुशील बायकोसारख्या घरी. असं किती तरी शनिवार चाललं. डिकीत साहेबांचा फोन वाजलाच, तर सलीमभाई वह्या तपासत थांबलेल्या मला हाक मारायचे आणि मी माझ्या मोबाईलवरून साहेबांना सांगायचे, बाई वर्गावर आहेत.

पल्लवीला दिवस गेले तशा बाई खुलल्या. फळ्यावर काढलेल्या मडक्यांनासुद्धा गाल यायला लागले.

गॅदरिंगच्या आदल्या शनिवारी आवारात मांडव पडला. गाड्या बाहेर रस्त्यावर लावाव्या लागल्या. बाई गाडी तिथंच लावून घाईत कन्नडला गेल्या, पल्लवी बाळंत झाल्याचा निरोप आला होता. दुपारी रस्त्यावरच्या गाड्या उचलणारा टेम्पो आला आणि त्यानं इतर गाड्यांबरोबर बाईंची स्कुटीही उचलली, डिकीतल्या मोबाईलसकट.

घरी साहेबांच्या मोबाईलवर गाडीचा ठिपका हलायला लागला. शाळेतून निघाला, भलत्याच रस्त्यानं गेला आणि पोलिसांच्या आवारात जाऊन थांबला. साहेब तिथं धावले. गाडी सापडली, बाई नाहीत. तिथून ते शाळेत आले. मी समोरच उभी होते.

"ह्या कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वर्गावर."

ते चित्रकलेच्या वर्गाकडं गेले. वर्ग रिकामा होता. साहेब पहिल्या बाकावर बसले आणि तसेच बसून राहिले. मी पाणी नेलं. घेतलं नाही.

दिवस कलताना बाई आल्या. डोक्यावर हेल्मेट, अंगाला शेक-शेगडीचा, बाळंतशोपाचा वास. दारातच थबकल्या. साहेब म्हणाले, "कुठं होतीस?"

बाईंनी काच वर केली. बहुतेक पहिल्यांदाच त्या खोटं बोलल्या नाहीत. "पल्लवीला मुलगी झाली."

मला वाटलं, आता हा माणूस रडेल. निदान विचारेल, बरी आहे का. साहेब उठले. "चल," म्हणाले.

स्कुटी विकली. आता साहेब बाईंना कारनं सोडतात, कारनं नेतात. मधल्या सुट्टीत कधीकधी गेटसमोर कार उभी असते. कारच्या आत-बाहेर कॅमेरे बसलेत. संध्याकाळी ते हात पुढं करतात, बाई त्यावर मोबाईल ठेवतात.

"भांडत का नाही?" मी एकदा विचारलं.

"भांडले असते हो. पण त्या दिवशी यांच्या पायात घरातल्या सपाता होत्या. पोलिसांपर्यंत तसेच पळत गेले. मला काय झालं की काय, म्हणून." बाई हातांवरचा खडू पुसत राहिल्या. "रागावलेल्या माणसाशी भांडता येतंय. घाबरलेल्याशी कसं भांडू?"

मी म्हटलं, "मी कन्नडला जाऊन येते. बाळाचा फोटो आणते."

"फोटो ठेवू कुठं?" त्या म्हणाल्या. मला पर्स आठवली, कपाट आठवलं, मोबाईल आठवला; सगळीकडं साहेबांचा हात पोचत होता. मग त्याच म्हणाल्या, "जाऊन या. बघून या. मला सांगा."

गेल्या महिन्यात मी गेले. परत आल्यावर शाळा सुटता सुटता बाईंनी मला चित्रकलेच्या वर्गात नेलं, दार लोटलं आणि खडू हातात घेतला. "सांगा."

मी सांगत गेले. जावळ दाट आहे. कपाळ पल्लवीचं. आता बसते, पण एका कुशीला कलते. बाई काढत गेल्या, पुसत गेल्या, "कान असे हायत का?" म्हणून विचारत गेल्या. फळ्यावर खरंच ती पोरगी बसली.

"हसते का?"

"हसते की. डाव्या गालाला खळी पडते."

बाईंचा हात थांबला. "ही यांची खळी," त्या म्हणाल्या.

मी साहेबांना रोज गेटवर बघते. "साहेबांना खळी पडते?"

"पडायची."

बाहेर कारचा हॉर्न वाजला. बाईंनी घाईनं खडूचं टोक डाव्या गालावर टेकवून किंचित फिरवलं, एक पाऊल मागं सरून बघितलं, आणि डस्टर घेतलं.