फोरमनचा डावा कान

तन्नू रामटेके आमच्या घरी येते तेव्हा आधी मांजराची परवानगी घेते. माझी नाही. दारात चपला काढते, गळ्यातली घराची किल्ली फ्रॉकच्या आत टाकते, सोफ्यावर पसरलेल्या आमच्या बोक्यासमोर हात मागे बांधून उभी राहते आणि विचारते, "टाइम है क्या, सर?" बोका एक डोळा उघडतो. तेवढं तिला पुरतं. मग ती फरशीवर मांडी ठोकते, रंगांचा डबा उघडते, आणि तिथून पुढे त्या घरात मी कोणी नसते.

वय वर्षं दहा, इयत्ता पाचवी, वजन आमच्या बोक्याहून थोडं जास्त. राहायला समोरच्याच क्वार्टरमध्ये. बाप पोलादाच्या प्लांटमध्ये, आई नर्स, दोघंही दिवसभर ड्यूटीवर. या हिंदी मुलखात ती आमच्याशी मराठीत बोलते, जनावरांशी हिंदीत. असं का, विचारलं तर म्हणाली, "ते बाहेरचे हायत ना. मराठी त घरात बोलतेत."

बोक्याचं नाव फोरमन. दिवसातून तीन राउंड मारतो, सगळ्यांवर गुरकावतो आणि काम काडीचं करत नाही, म्हणून हे नाव. मी पस्तीस वर्षं प्लांटच्या ऑफिसात टायपिंग केलं आहे, असे पुष्कळ पाहिले.

मला ना लग्न ना मूल, तरी ही मला आजी म्हणते. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, की मावशी म्हण. तिने एक डोळा बारीक करून माझा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट पाहिला आणि निकाल दिला, "नाई. आजीच हाय." त्यानंतर मी वाद घातला नाही.

चित्रकला तिला कोणी शिकवलेली नाही. म्हणजे तसा एकदा प्रयत्न झाला. सिविक सेंटरजवळ सुट्टीतला चित्रांचा वर्ग होता, आईने नाव घातलं. तिसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर गाय काढली, गोल डोळे, गोल बुबुळं. ही उठून म्हणाली, की गायीचं बुबुळ आडवं असतं. सर म्हणाले, बस खाली. ही बसली नाही. रस्त्यावर चार गायी बसल्या आहेत, चला, बघून या, म्हणाली. सर गेले नाहीत, ही गेली, आणि परत वर्गात आलीच नाही. संध्याकाळी आईला ती चौकात सापडली, गायीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. मी स्वतः नंतर जाऊन पाहिलं. बुबुळ आडवंच असतं.

तिचे रंग म्हणजे सुक्या पेस्टलच्या कांड्या. त्यांचे तुकडे शेंगदाण्याएवढे होईपर्यंत वापरते. रंग बोटाने घोटते, बारीक जागी कान कोरायच्या कापसाच्या काडीने. आणि खोडायला रबर चालत नाही, कणीक लागते. हा शोधही तिचाच. कणकेची गोळी कागदावर दाबली की रंग उचलून येतो, कागद फाटत नाही. त्यामुळे मी दुपारी पोळ्यांची कणीक भिजवली की लिंबाएवढा गोळा तिचा. सुरुवातीला मला वाटलं पोरगी कच्ची कणीक खाते. मी जंताचं औषधसुद्धा आणून ठेवलं होतं.

चित्रं मात्र अशी, की हात लावला तर केस बोटाला लागतील असं वाटतं. आणि खोटी एक रेघ नाही. गल्लीच्या टोकाला एक साहेब राहतात, त्यांनी मोठ्या हौसेने आपल्या लॅब्राडोरचं चित्र काढून मागितलं. तिने काढलं. साहेबांचं म्हणणं, कुत्रा फार जाडा दिसतो, जरा पोट कमी कर. ती म्हणाली, "अंकल, खाना कम करो. फोटो में नहीं, कटोरी में." आमच्या कॉलनीत साहेबाला असं बोललेलं मी नोकरीभर ऐकलं नव्हतं, मला फार बरं वाटलं. पुढे तेच चित्र जनावरांच्या डॉक्टरांनी साहेबांच्या घरी पाहिलं आणि विचारलं, की याच्या उजव्या कानाला काही झालं आहे का? तपासलं तर खरंच कान आतून चिघळलेला. चित्र पाहून औषध लिहून दिलेला तो पहिला कुत्रा असावा.

चूक काढलेली तिला चालत नाही. एकदा मी म्हटलं, की मिशा वाकड्या झाल्या आहेत गं. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "चुकलं असन त बोक्याचं चुकलं." दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला नाही.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी मी रिटायर झाले. क्वार्टर ठेवायची मुदत संपत आली, महिनाअखेर चावी परत करायची होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, जुनवानीला एक छोटा फ्लॅट घेतला आहे, तिथे जायचं. नव्या घराच्या भिंतीवर फोरमनचं चित्र लावायचं असं मी ठरवलं आणि तन्नूला रीतसर सांगितलं, की महिनाअखेरच्या आत हवं. ती म्हणाली, चार दिवस लागतील.

चार दिवसांत बोका कागदावर उतरला. पिवळे डोळे, नाकावरचा ओरखडा, छातीवरचा मळकट पांढरा डाग. फक्त डावा कान राहिला. म्हटलं, उद्या होईल.

उद्या उजेड बरोबर नव्हता. परवा मॉडेलने आंघोळ केली होती, म्हणजे स्वतःला चाटलं होतं, त्यामुळे रंग बदलला होता. त्यानंतर त्याने सुरमईचं डोकं खाल्लं, तर म्हणे चेहऱ्यावर समाधान आलं, कालचा भाव गेला. एक दिवस म्हणाली, "आज त्याच्या तोंडावर टेन्शन दिसून राहिलं, आजी. तुमीच कायी बोल्ले असान." मी! माझ्याच घरात, माझ्याच बोक्याशी मी काय बोलायचं हेही आता ही ठरवणार.

मी लाच देऊन पाहिली. गरम चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, आणि टमाट्याची चटणी. तिने तीन चीले खाल्ले, बोट पुसलं आणि कान जिथे होता तिथेच राहिला. मी रागावून पाहिलं. मग दोन दिवस बोललेच नाही, तर तिच्या लक्षातही आलं नाही. शेवटी मीच हरले आणि चहाचा कप घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले. पंधरा दिवस झाले. एका कानाला पंधरा दिवस! एवढ्यात प्लांटमध्ये नवी भट्टी उभी राहते. आणि कणकेचा गोळा मात्र रोज मागून घ्यायची, तोही आता मोठा हवा म्हणायची.

घरात खोकी भरणं सुरू झालं होतं. एका संध्याकाळी मी मागच्या अंगणात भांडी उन्हातून उचलायला गेले. पाच वाजले होते, तिची आई साडेपाचला ड्यूटीवरून येते. मी आत आले ते अनवाणी, हातात परात, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले आणि थांबले.

कान झालेला होता. पूर्ण. कडेची गुलाबी कातडी, आतले पांढरे केस, भांडणात गेलेला तो टवका, सगळं. ती दोन्ही हातांनी बोर्ड धरून ते चित्र पाहत होती. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग तिने कणकेचा गोळा उचलला, कानावर ठेवला आणि हळूच दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. कान गेला. तिने गोळ्याचा रंगलेला भाग आत दुमडला आणि सोफ्याकडे वळून फोरमनला म्हणाली, "कल आऊँगी, सर. कान बाकी है अभी."

मी परात घेऊन तशीच मागे अंगणात गेले. ही पोरगी दीडला शाळेतून येते, साडेपाचपर्यंत त्या घरात माणूस नसतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. गळ्यातली किल्ली मी रोज पाहत होते. पण मला वाटायचं ती फक्त बोक्यासाठी येते. मला स्वतःचाच राग आला. पंधरा दिवस मी तिच्यामागे एकच धोशा लावला होता, लवकर संपव, लवकर संपव.

त्यानंतर मी चित्राचं नाव काढलं नाही. तिनेही काढलं नाही. ती येत राहिली, खोकी वाढत राहिली. एका खोक्यावर बोर्ड ठेवून ती काम करू लागली. तिच्या आईला, सुनीताला, मी एकदा गाठून काय बोलायचं ते बोलून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात लागला. फोरमन टोपलीत कोंडलेला, अख्ख्या गल्लीला शिव्या देत होता. तन्नू शाळेच्या कपड्यांत आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद. आज तिने सरांची परवानगी मागितली नाही, टोपलीकडे बघितलंही नाही.

"घ्या. झालं," ती म्हणाली.

मी कागद उघडला. कान होता. दोन्ही कान, मिशा, ओरखडा, सोफ्यावरून खाली लोंबणारी शेपूट. फोरमनच माझ्याकडे पाहत होता, आणि नेहमीसारखाच नाराज होता. पस्तीस वर्षांत माझ्या हातात इतकी चोख वस्तू कोणी दिली नव्हती. तन्नू बुटाने गेटची कडी ढकलत होती आणि खाली बघत होती.

मी चष्मा लावला. चित्र लांब धरलं, जवळ धरलं, नाक मुरडलं.

"शेपटी चुकली आहे," मी म्हटलं.

तिने झटकन मान वर केली.

"असं चुकलेलं चित्र मी भिंतीवर लावणार नाही. रविवारी जुनवानीला यायचं आणि बोका समोर बसवून नीट करायचं. तुझ्या आईशी बोलले आहे, बाबा सोडतील. एका रविवारात नाही झालं तर पुढच्या रविवारी."

तन्नूने माझ्याकडे पाहिलं, तसंच, एक डोळा बारीक करून, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग चित्राकडे न बघताच म्हणाली, "हो, आजी. लय चुकली," आणि कागद माझ्या हातातून परत घेतला.