वाक्य सरकारजमा

कोणत्याही चांगल्या सरकारला पुस्तक न वाचता त्यावर बंदी घालता येते. मात्र कारण लिहून दिल्याशिवाय ते जप्त करता येत नाही. हा नियम नागरिकांच्या हिताचा आहे, आणि नागरिकांच्या हिताच्या नियमांनी जेवढी माणसं अडचणीत आणली तेवढी रोगराईनेही आणली नसतील.

जप्ती खात्यातले हेडक्लार्क भाऊसाहेब या नियमाचे एकनिष्ठ सेवक. हातपंप घरच्या घरी कसा दुरुस्त करावा, या विषयावरचं एक पातळसं पुस्तक आक्षेपार्ह असल्याची तक्रार खात्याकडे आली. (तक्रारदाराकडे हातपंप नव्हता. पुस्तकही नव्हतं. तक्रार मात्र टाइप केलेली होती.) त्यातलं एक वाक्य पंपाबद्दल नसून सरकारबद्दल आहे, असं वरच्यांना वाटलं. भाऊसाहेबांनी जप्तीचा आदेश लिहिला आणि नियमाप्रमाणे, कारण म्हणून, ते वाक्य अवतरणचिन्हांसकट त्यात उतरवलं. आदेश राजपत्रात छापून आला. पुस्तकाच्या खपलेल्या प्रती बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. राजपत्र प्रत्येक कचेरीत जातं.

आदेशाच्या शेवटी नेहमीची ओळ होती : सदर मजकूर जिथे जिथे आढळेल तिथून तो सरकारजमा करावा. खात्यातली माणसं कामसू. त्यांनी आधी राजपत्र जप्त केलं. ते का केलं याचा आदेश निघाला. त्यात कारण म्हणून वाक्य आलंच. मग तो आदेश जप्त झाला. पाठोपाठ छापखान्यातले खिळे, टाइपरायटरची फीत, भाऊसाहेबांच्या टेबलावरचा टीपकागद (उलटं वाचूनही वाक्य तितकंच आक्षेपार्ह भरलं) आणि पुस्तकातल्या सूचनांप्रमाणे दुरुस्त झालेला एक हातपंप.

एका सकाळी साहेबांच्या लक्षात आलं, की ते वाक्य अजून एका ठिकाणी शिल्लक आहे.

"भाऊसाहेब, ते वाक्य तुम्हाला पाठ आहे का हो?"

"पाठ म्हणजे! झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन, साहेब."

"अरेरे," साहेब म्हणाले. "मग उठू नका. पंच येताहेत."

पंचनामा झाला. 'मुद्देमाल : इसम एक, बांधा मध्यम, चष्म्यासह, मजकूर डोक्यात, स्थिती वापरलेली.' लाखेचा शिक्का कुठे मारावा यावर बराच खल होऊन तो शर्टाच्या गुंडीवर मारण्यात आला. भाऊसाहेबांनी मेणबत्ती स्वतःच धरली. पंचांनी सही चुकीच्या जागी केली तेव्हा ते दाखवूनही दिलं. मग कोठारात, जुनी राजपत्रं आणि हातपंप यांच्या मधल्या फळीवर, ते नीट मांडी घालून बसले.

दुपारी त्यांची बायको डबा घेऊन कोठाराच्या दारात उभी राहिली.

"माझा माणूस द्या."

"वहिनी, माणूस म्हणून त्यांची नोंद नाही," रखवालदार म्हणाला. "मुद्देमाल आहे."

"मुद्देमाल असला तरी माझा आहे. इतकी वर्षं मी सांभाळलाय, तुमच्या खात्याने नाही. पोर बाळंत झाल्यावर आज पहिल्यांदा घरी आलीय. रविवारी जावई तिला नि नातीला घेऊन जाणार. आजोबांनी अजून नातीचं तोंड पाहिलं नाही. काय सांगू तिला, आजोबा फळीवर आहेत?"

"अगं, हळू बोल," फळीवरून आवाज आला. "कचेरीची वेळ आहे."

"तुम्ही गप्प बसा! एक वाक्य विसरता येईना तुम्हाला? मी सांगितलेला किराणा बरा विसरता!"

हे भाऊसाहेबांना पटलं. ते विसरायला बसले. दोन दिवस नातीचं नाक कुणावर गेलं असेल याचाच विचार केला आणि वाक्य खरोखरच डोक्यातून गेलं. त्यांनी तसा अर्ज केला. पण माणूस काय विसरलाय हे तपासायचं, तर तपासणाऱ्याला ते ठाऊक हवं. परीक्षक नेमला, त्याने सीलबंद मूळ प्रत वाचली, तो खालच्या फळीवर बसला. त्याला तपासायला आणखी एक आला. तोही सरकून बसला. भाऊसाहेब पार विसरले आहेत, असं दोघांनी एकमताने लिहून दिलं. परंतु जप्त मालाने दिलेला दाखला खात्याला ग्राह्य धरता येत नाही.

आज शनिवार. साहेब दुष्ट नाहीत. त्यांनी जेवणाची सुट्टी मोडून एक नियम हुडकला : अधिक आक्षेपार्ह माल जमा झाल्यास आधीचा सोडता येतो. म्हणजे आता असा एक माणूस हवा, ज्याने ते वाक्य कधी वाचलं नाही. पण हातपंपाच्या पुस्तकाचं नाव ऐकताक्षणी, त्यात सरकारबद्दल काय लिहिलं असेल ते ज्याच्या मनात आपोआप तयार झालं. असं मनातलं वाक्य मूळ वाक्यापेक्षा नेहमीच वाईट निघतं, असा खात्याचा अनुभव आहे.

वर हातपंपाचा उल्लेख आला तेव्हा तुम्ही क्षणभर थांबून गालातल्या गालात हसलात. तेच ते वाक्य. अंथरूण घेऊन आज संध्याकाळच्या आत आलात, तर उद्या गाडी सुटण्यापूर्वी एका आजोबांच्या मांडीवर नात असेल.

न आलात तरी खातं रागावणार नाही. मनात हसून गप्प बसणाऱ्यांविरुद्ध आदेश काढायची त्याला आजवर कधी गरजच पडलेली नाही.