वरची मूठ

"अवो, साहेब जेवायला बसायच्या आत गाठा त्यास्नी. एकदा जेवले की साहेब लोक आडवे होतेत," असं म्हणत जगदेवीनं कागदांची फाईल नवऱ्याच्या हातात कोंबली आणि लगोलग त्याची टोपीही सरळ केली. आज नवऱ्याच्या टोपीला किंमत होती.

फाईल रुचिकाची होती. दिंद्रुडच्या शाळेत नववीला असलेली जगदेवी आणि किराणा दुकानदार मल्लिनाथ यांची ही एकुलती एक लेक. पुण्याच्या एका विज्ञान संस्थेनं मे महिन्यात तीन आठवड्यांचं शिबिर ठेवलं होतं. दुर्बिणीतून शनीची कडी दाखवणार, खऱ्या प्रयोगशाळेत हात घालू देणार, शास्त्रज्ञांबरोबर एका पंगतीत जेवायला बसवणार. पण घेणार सबंध महाराष्ट्रातून फक्त तीस पोरं! शाळेतल्या सुग्रीव सरांनी पेपरातली जाहिरात कापून रुचिकाच्या हातात ठेवली, तेव्हापासून पोरगी जेवताना घास हातात धरून छताकडे बघत बसायची.

शिबिराची अट अशी होती, की मुलानं घरच्या साधनांनी केलेला एक प्रयोग इंग्रजीत लिहून पाठवावा, आणि त्याच्या प्रत्येक पानावर राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्का असावा. आता दिंद्रुडात राजपत्रित अधिकारी आणायचा कुठून? सरकारी दवाखान्याचे डॉक्टर बायकोला आणायला म्हणून गेले, ते सासरीच रमले होते. गुरांच्या डॉक्टरांची सही चालली असती, पण ते लसी टोचत कुठल्या तांड्यावर होते ते त्यांच्या शिपायालाही ठाऊक नव्हतं. आणि पाकीट आज तीनच्या एसटीनं टपालाच्या थैलीतून गेलं नाही, तर मुदत संपली.

उरले एकच साहेब. ग्रामपंचायतीत आज वजनमापांचं पासिंग करायला आलेले वजनमापे खात्याचे.

खरं तर मल्लिनाथ त्यांना सकाळी दहालाच भेटला होता. बाजारातल्या सगळ्या दुकानदारांप्रमाणे आपली वजनं तपासून, शिक्का मारून घेऊन आला होता. पण त्यात एक गोम होती. किलोच्या वजनाच्या बुडाला शिशाची टिकली असते. मल्लिनाथच्या जुन्या वजनाची टिकली सहा वर्षांपूर्वी कुठं तरी पडली आणि वजन तीस ग्रॅमनं हलकं झालं. आज बसवू, उद्या बसवू करता करता त्याच्या लक्षात आलं, की न बसवण्यातही काही वाईट नाही. मग त्यानं एक नवं कोरं वजन आणलं. ते वर्षातून एकदा, पासिंगच्या दिवशीच ऊन बघायचं. बाकीचे दिवस ते कपाटात आणि जुनं वजन काट्यावर. आज मात्र जुन्याची रवानगी गुळाच्या पोत्याखाली झाली होती.

एरवी मल्लिनाथ माणूस वाईट नव्हता. कुणाच्या मयतीला दुकान बंद ठेवायचा, पोरांना फुकट खडीसाखर द्यायचा. तीस ग्रॅमचं पाप असं त्यानं ह्याच्या-त्याच्यात वाटून टाकलं होतं.

पाठवण्याआधी एक झेरॉक्स असावी म्हणून तो कय्युमच्या एसटीडी बूथमध्ये शिरला. गावात गेल्या वर्षी टेलिफोन बूथ आला आणि त्याच्या पाठोपाठ झेरॉक्सचं मशीन. तेव्हापासून कय्युम गावातला निम्मा शास्त्रज्ञ झाला होता. पहिलं पान काचेवर ठेवता ठेवता तो थांबला.

"शेठ, तुमच्या दुकानाचं नाव हाय की हेच्यात!"

"असंल. पोरगी दुपारी गल्ल्यावर बसती. शाळा सकाळची हाय ना. मी जरा पडतो तवर."

"आन खाली सगळं किलो आन ग्रॅम, ग्रॅम, ग्रॅम. हे बघा. सत्तावीस, एकतीस, तेहेतीस... दोनशे बारा कस्टमर म्हणं. आन तळाला चौकटीत एकोणतीस."

मल्लिनाथ कागदावर वाकला. "कशाचे एकोणतीस?"

"अब वो कैसे सांगू? माझं इंग्लिश एसटीडी, आयएसडी, पीसीओपुरतं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मल्लिनाथला डोळ्यांपुढे सगळं लख्ख दिसलं. आपण पोत्यावर घोरत पडलोय आणि पोटची पोरगी दोनशे बारा गिऱ्हाइकांचा माल पुन्हा मोजून बापानं कुणाला किती मारलं ते लिहितेय. आणि तो कागद सही करायला कुणाकडे न्यायचा, तर वजनमापे खात्याच्या साहेबाकडे! आपल्या पायानं, टोपी सरळ करून!

तो कय्युमच्या बाकावर बसला. फाडून टाकावी तर पोरीनं दोन महिने रात्रंदिवस खपून लिहिलेलं. हरवली म्हणावं तर झेरॉक्स आहे. शेवटी त्याला सगळ्यात सोपी वाट सुचली. तीन वाजेपर्यंत वेळ काढायचा. एसटी काय कुणासाठी थांबत नाही.

दीड वाजता तो घरी परतला. "साहेब गेले," त्यानं खाली बघून सांगितलं.

जगदेवीनं दारातून ग्रामपंचायतीकडे मान वळवली. "मंग ती साहेबाची जीप काय बोकडासारखी चरायला सोडली का हितं?"

रुचिका नुसती उठली आणि चपला घालू लागली. ते मल्लिनाथला तिच्या रडण्यापेक्षा जड गेलं. "चल, मी येतो," तो म्हणाला. मनात मात्र अजून तीन वाजायचे हिशेब चालू होते.

साहेबांसमोर गेल्यावर त्यानं वेळ काढायची एकही युक्ती बाकी ठेवली नाही. साहेबांचं मूळ गाव विचारलं. मुलंबाळं विचारली. चहा मागवला. तो गार आहे म्हणून परत पाठवला. दिंद्रुडचं पाणी कसं बाधत नाही ते सांगितलं.

"आप्पा, कागद द्या ना सरांना," रुचिका हळूच म्हणाली.

"देतो की. एवढी कावून घाई?"

शेवटी साहेबांनीच हात लांब करून फाईल ओढून घेतली. चष्मा चढवला. पहिलं पान वाचलं आणि भुवई वर गेली. दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मल्लिनाथनं एकदा त्या हसण्याकडे बघितलं आणि एकदा लेकीकडे. ती दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून उभी होती. त्याचा पार बांध फुटला.

"साहेब, माझं चुकलं! वजन जप्त करा, दंड करा, दुकानाला सील ठोका, मी हूं का चूं करणार न्हाई. पर पोरीच्या कागदावर सही करा. तिचा काय बी कसूर न्हाई हेच्यात. तीनची गाडी गेली तर लेकराचं शिबिर बुडंल!"

साहेबांनी चष्मा काढला. "कुठलं वजन?"

कोपऱ्यात शिक्के मारत बसलेल्या कारकुनाचा हात वरच्या वर थांबला.

"ते... गुळाच्या पोत्याखालचं," मल्लिनाथ म्हणाला.

"अहो, ह्यात तुमच्या वजनाचं एक अक्षर नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या मुलीनं मुठी मोजल्यात. माल तोलून झाला की गिऱ्हाईक एक मूठ वरून उचलून पिशवीत टाकतं ना, ती वरची मूठ. दोनशे बारा मुठी कागदावर घेऊन शाळेच्या छोट्या काट्यावर मोजल्यात. सरासरी एकोणतीस ग्रॅम. इतकी चोख नोंद माझ्या खात्यात कुणी ठेवत नाही. आणि निष्कर्ष काय काढलाय, ऐका. 'दुकानदार किलोमागे एकोणतीस ग्रॅम माल खुशीनं जास्त देतो. माझ्या वडिलांचं मन मोठं आहे.'"

ह्याच्यापेक्षा पोरीनं खरंच खोट्या वजनाचा पाढा वाचला असता तर बरं झालं असतं, असं मल्लिनाथला वाटलं. खाली फरशी होती, नाही तर तो जमिनीत गेला असता.

"तुला ते वजन माहीत होतं का गं?" साहेबांनी विचारलं.

रुचिका पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. "व्हय सर. पयल्याच दिवशी मोजलतं. नऊशे सत्तर भरलं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"आप्पाचं नाव गेलं असतं." मग तिच्यातला शास्त्रज्ञ काही गप्प बसेना. "पर त्याच्यामुळंच मूठ मोजाया घेतली सर. किलोमागं तीस ग्रॅम कमी, आन मूठ भरली एकोणतीसची! गिऱ्हाइकाला म्हाईत न्हाई, पर त्याच्या हाताला म्हाईत हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अगं, मग हाच तर खरा प्रयोग! तू नुसतं शेपूट पाठवतेयस आणि हत्ती घरी ठेवतेयस. नऊशे सत्तर लिहिलं नाहीस तर ह्या मुठींना अर्थ काय राहिला?"

रुचिकानं बापाकडे बघितलं. बघितलं आणि मान हलवली. "नको सर. हाय तसंच जाऊ द्या. घेतलं तर घेतेल."

त्या क्षणी मल्लिनाथला शनीची कडी दिसली. म्हणजे त्यानं ती कधी पाहिली नव्हती, पण पोरगी दोन महिने छताकडे काय बघत होती ते त्याला कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"लिव्ह," तो म्हणाला.

"आप्पा..."

"नऊशे सत्तर लिव्ह. आन खाली लिव्ह, की माझ्या आप्पाचं मन मोठं न्हाई. पुढं मोठं करता येतंय का ते बघू."

रुचिकानं तिथंच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून निष्कर्ष खोडला आणि नवं पान लिहिलं. साहेबांनी प्रत्येक पानावर सही केली, शिक्का मारला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी पाकीट दाराशी येऊन थांबलेल्या कय्युमच्या हातात पडलं आणि कय्युमनं लुना पोस्टाकडे अशी पिटाळली, की रस्त्यावरच्या कोंबड्यांनी वाट सोडली. मग साहेब शांतपणे मल्लिनाथकडे वळले.

"चला, आता पोतं उचला."

पंचनामा झाला, वजन जप्त झालं, दंडाची पावती फाटली. मल्लिनाथनं बाजारात मान खाली घालून महिना काढला. गिऱ्हाइकं आता पासिंगच्या वजनानं माल घेत होती आणि वरची मूठही तितक्याच हक्कानं उचलत होती. बीबीजान तर एकदा दोन मुठी घेऊन म्हणाली, "मागचं बाकी हाय तुझं, मल्लिनाथ."

एप्रिलच्या शेवटी पुण्याहून पत्र आलं. तिसांत रुचिकाचं नाव होतं! जगदेवीनं गल्लीत साखर वाटली, ती न मोजता. पण पत्राच्या तळाशी आणखी दोन ओळी होत्या. सुग्रीव सरांनी त्या दोनदा वाचून दाखवल्या, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला नाही. 'आपल्या प्रयोगातील नऊशे सत्तर ग्रॅमचे मूळ वजन प्रात्यक्षिकासाठी अवश्य सोबत आणावे.'

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ बीडच्या वजनमापे कार्यालयात हजर झाला. कारकुनानं त्याचा अर्ज वाचला, पालथा करून मागची बाजू बघितली आणि पुन्हा वाचला.

"अवो, एक किलोचं वजन पायजे तर इथून चांगलं तपासलेलं घेऊन जा की."

"चांगलं नको," मल्लिनाथ म्हणाला. "माझंच खोटं पायजे."

साहेबांनी केबिनमधून हे ऐकलं. महिन्याभरात परत आणून देईन, असं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि वजन त्याच्या हवाली केलं. मल्लिनाथनं ते धुतलेल्या पंच्यात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं आणि दिंद्रुडच्या गाडीत खिडकीजवळ जागा पकडली. शेजारी वडवणीच्या बाजाराला निघालेला एक म्हातारा बसला होता. गचका बसला, की हा माणूस दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरतो, हे तो बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"काय हाय वो पिशवीत? देवबिव हायत का? लई जपायलात."

"देव न्हाई," मल्लिनाथ मोठ्यानं म्हणाला. पुढच्या दोन बाकांवरची माणसं वळून बघू लागली, तसा त्यानं आवाज आणखी थोडा चढवला. "खोटं वजन हाय, माझ्या सोताच्या दुकानातलं. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी बगायला मागितलंय. माझ्या पोरीनं पकडलंय ते!"