उबेत बांधलेल्या साखळ्या

हाल्वोरने यंदा ट्रॅक्टरच्या चाकांना, बर्फात घसरू नयेत म्हणून लावायच्या साखळ्या शेडच्या आतच बांधल्या. दरवर्षी बाहेरच्या थंडीत बोटं बधिर व्हायची आणि नेमकी हवी ती कडी बर्फात पडायची. आत हीटर होता, रेडिओ होता. काम इतक्या सुखात झालं की आजवर हे आपल्याला सुचलं कसं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

"दाराची रुंदी बघितलीस का?" सिग्नीने, त्याच्या बायकोने, डोकावून विचारलं.

"आपल्या लग्नाआधीपासून याच दारातून ट्रॅक्टर काढतोय मी."

"साखळ्यांसकट?"

हाल्वोरने रेडिओ मोठा केला.

दुधाची टाकी काठोकाठ भरली होती आणि डेअरीचा टँकर दुपारी यायचा होता. चढाच्या रस्त्यावर गुडघाभर बर्फ होता. तो हटवला नाही तर टँकर खालूनच परत फिरणार आणि सगळं दूध मोरीत ओतावं लागणार. बर्फ लोटायचा फाळ अंगणात तयार होता. ट्रॅक्टर तिथपर्यंत नेऊन जोडला की झालं.

ट्रॅक्टर अर्धा बाहेर आला आणि साखळ्यांनी रुंद झालेली मागची चाकं दारात घट्ट अडकली. पुढेही नाही, मागेही नाही.

फोन वाजला. समोरच्या डोंगरावरचा शेजारी एम्ब्रिक खिडकीतून बघत होता.

"दारात का थांबलायस रे?"

"हवा बघतोय."

"कशी आहे?"

"बरी आहे."

"मग येतोच कॉफीला. सहज."

त्या खोऱ्यात कुणी मदत मागत नसे. कुणी अडलं की शेजारी सहज कॉफीला येत, हात लावत आणि मग वर्षभर तो किस्सा सांगत. एम्ब्रिक पोचायच्या आत सुटायचं म्हणून हाल्वोरने ॲक्सिलरेटर पार दाबला. साखळ्यांनी जमीन धरली, लाकूड कडाडलं आणि ट्रॅक्टर सुटला. दाराची चौकट मात्र मागच्या हुकात अडकून सोबतच निघाली.

"थांब रे!" सिग्नी ओरडली.

थांबलं तर चौकट पाठीत बसणार. फाळ अंगणातच राहिला आणि वरात उताराला लागली. स्कीवरून वर येणारा एम्ब्रिक बाजूला झाला आणि त्याने अदबीने टोपी काढली.

खाली टँकर उभा होता. ड्रायव्हर उतरला आणि चढाकडे बघत राहिला. चौकटीने बर्फ दोन्ही कडांना सारून रस्ता स्वच्छ केला होता.

"झकास काढलायस रस्ता. फाळ नवा वाटतं?"

"घरचाच आहे," हाल्वोर म्हणाला.

दूध वेळेवर गेलं. मग एम्ब्रिक ठरल्याप्रमाणे कॉफीला बसला. हाल्वोर टोमण्याची वाट बघत होता.

"परवा माझ्याकडे टँकर यायचाय," एम्ब्रिक शेवटी पुटपुटला. "माझा फाळ वाकलाय. ती चौकट... एक दिवस मिळेल का?"

हाल्वोरने सावकाश कप खाली ठेवला.

"ने. पण जपून वापर," तो म्हणाला. "एक बनवायला अख्खी शेड लागते."