फोनवर फुललेला गुलाब

"आबा, गुलाबांना सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली. मोगऱ्याला दोन तांबे. मनीप्लांटला पेलाभर. आणि दुपारच्या उन्हात पाणी अजिबात घालायचं नाही, मुळं शिजतात," असं बजावून प्रतिभा रिक्षात बसली. ज्ञानदेवाने बॅगा कोंबल्या, आठ वर्षांच्या अंकिताने हात हलवला आणि मंडळी दहा दिवसांच्या म्हैसूर-उटीच्या सहलीला निघून गेली. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी रखमाजी फाटकातच उभा होता. आत जाऊन करायचं काय, हे त्याला कोणी बजावलं नव्हतं.

साल दोन हजार एक, महिना मे. शिरूरच्या कडेला नव्याने झालेल्या त्या कॉलनीतली निम्मी घरं कुलपात होती. रखमाजी मूळचा कवठे येमाईचा. सगळी उमर मेंढरांमागे चालण्यात गेली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने कळप विकला, आणि दोन वर्षांपूर्वी बानूबाई गेली तेव्हा लेकाने त्याला इथे आणलं. ज्ञानदेव रांजणगावच्या कारखान्यात सुपरवायझर होता. साहेब लोकांत उठबस असल्यामुळे त्याची भाषा इस्त्रीच्या कपड्यांसारखी झाली होती. सून चांगली होती, नात गोड होती. पण एक ऑफिसला, एक शाळेला आणि एक बागेत. आणि बाग म्हणजे प्रतिभाचा जीव की प्राण. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिचं लहानपण एका तुळशीवर भागलं होतं, ती कसर तिने इथे भरून काढली होती. बारा गुलाब, जास्वंदी, क्रोटन आणि कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने कुंड्या.

पहिल्या दिवशी रात्रीचे आठ वाजले आणि फोन वाजला.

"आबा, पाणी घातलं?"

"घातलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यास्नी."

"बरं. ठेवते हं, एसटीडीचं मीटर पळतंय."

खट्. दिवसभरात रखमाजी तेवढेच दोन शब्द बोलला होता. रिसीव्हर हातात धरून तो उगाच त्यात म्हणाला, "मी बी जेवलो."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र प्रतिभा "ठेवते" म्हणणार, एवढ्यात रखमाजीच्या तोंडून निसटलं, "गुलाबाला कळी आलीया."

"अय्या! खरंच? कुठल्या?"

"त्या... कडंच्या."

"लाल का पिवळ्या?"

असं करत करत फोन चांगला चार मिनिटं चालला. फोनवर अंकिता आली, ज्ञानदेवही आला. रखमाजीला त्या रात्री झोप छान लागली. वास्तविक कडेच्या गुलाबावर सुकलेल्या पानांखेरीज काही नव्हतं. पण चौथ्या दिवशी त्याने त्याला आणखी दोन कळ्या आणल्या. पाचव्या दिवशी मोगरा लगडला. सहाव्या दिवशी शेवंतीला फुटवा फुटला. सातव्या दिवशी गुलाबांची संख्या एकोणीसवर गेली आणि फोन अकरा मिनिटांवर.

"आबा, तुमच्या हाताला गुण आहे हो!" प्रतिभा म्हणाली. "आम्ही आलो की पहिल्यांदा कॉलनीतल्या बायकांना बोलावणारे. फोटोच काढू बागेचा. इथून नवा रोल घेतलाय."

रखमाजीने फोन ठेवला आणि खिडकीतून अंधाऱ्या बागेकडे पाहिलं. सकाळी उठून त्याने बाग नीट बघितली. ऊन असं होतं की जास्वंदीची पानं म्हाताऱ्या माणसाच्या कानासारखी लोंबत होती. पाणी तर वेळेवर पडत होतं. मग झाडं उपाशी असली पाहिजेत. त्यांना खत हवं. घरात प्रतिभाची खताची निळी पुडी होती, पण तिच्यावरचं वाचता येत नव्हतं. रखमाजीला ठाऊक असलेलं खत एकच: लेंडी. रानात मेंढरं बसवली की शेत कसं तरारून येतं, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. त्यासाठी शेतकरी त्याला हात जोडून बोलवायचे.

खांद्यावर रिकामं पोतं टाकून तो नगर रस्त्याला आला. नशीब असं की कडेच्या लिंबाखाली एक कळप विसावला होता. काठीवर हनुवटी टेकून धनगर उभा होता.

"राम राम. कुठली मेंढरं?"

"राम राम, मामा. आमी हौसराव. पार पारनेरकडनं आलोय, आता खाली भीमंच्या काठाला चाललोय. तुमचं गाव?"

"कवठं येमाई."

"व्हय? मग बानूबाई ठावं आसंल तुमास्नी. आमच्या चुलतीची मावसबहीण."

रखमाजीने पोतं खाली ठेवलं. कितीतरी दिवसांत बानूबाईचं नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलं नव्हतं.

"माजीच बायकू ती," तो म्हणाला.

मग तिथेच अर्धा तास गेला. शेवटी पोत्याचा विषय निघाला तेव्हा हौसराव हसला. "पोत्यात किती न्ह्याल, मामा? मेंढरंच बसवा की तासभर. आमाला सावली घावंल, तुमच्या झाडास्नी ताजं खत."

हिशेब बिनतोड होता. शिवाय चहा पाजता येणार होता.

दुपारी बारा वाजता नव्वद मेंढरं कॉलनीच्या डांबरी रस्त्याने शिस्तीत आली आणि ज्ञानदेवाच्या फाटकातून आत शिरली. रखमाजीने बंदोबस्त चोख केला. गुलाबांच्या पुढे खाट आडवी लावली, जास्वंदीपुढे अंकिताची सायकल आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. कुंड्या तर भिंतीवरच होत्या. मेंढरं पोर्चच्या सावलीत डोक्याला डोकं लावून बसली. रखमाजीने चहा ठेवला.

काय काय निघालं त्या चहावर! कोणत्या घाटात लांडगा आला होता, कोणत्या साली गवत नव्हतं, बानूबाई चालत्या वाटेवर तीन दगडांत भाकरी कशी थापायची. रखमाजी बोलत होता आणि हौसराव "आन् मंग?" विचारत होता. दुसऱ्यांदा चहा झाला. बोलण्याच्या भरात एकच गोष्ट राहून गेली. कळपात सहा शेळ्याही होत्या, आणि शेळीला कंपाउंडची भिंत म्हणजे घरचा जिना.

कुंडी फुटल्याचा आवाज आला तेव्हा दोघे धावले. भिंतीवर सहा शेळ्या ओळीने उभ्या राहून क्रोटन खात होत्या. खाट उलटी पडली होती. शेळ्यांनी वाट करून दिल्यावर मेंढरांनी तरी का मागे राहावं? गुलाबांच्या जागी बारा काड्या होत्या. जास्वंदीचा खराटा झाला होता. सबंध बागेत एक कोरफड तेवढी शाबूत होती, आणि तिलाही एकीने चाखून थुंकलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. भलत्या वेळी!

"आबा, अंकिताचं पोट बिघडलंय, म्हणून आम्ही लवकर निघालोय. बंगलोरहून बोलतेय. उद्या दुपारी पोचतो. हा कसला आवाज?"

"ब्यां" करणाऱ्या मेंढीला रखमाजीने पायाने दूर लोटलं. "टीवी. शेतीचा कारेक्रम."

"बरं. गुलाब आता किती झाले?"

रखमाजीने खिडकीतून बाहेर पाहिलं. त्याला खोटं बोलवेना. "पोरी, आता मोजायचं काम ऱ्हायलंच न्हाई."

"अगं बाई! अहो ऐकलंत का, मोजता येईनात इतके—" आणि फोन कटला.

हौसरावाने फार वाईट वाटून घेतलं, मेंढरं बाहेर काढली आणि जाताना पुन्हापुन्हा पाया पडला. त्यानंतर रखमाजी एकटाच राबला. लेंड्या झाडून मातीत पुरल्या, फरशी धुतली, टाकी रिकामी होईपर्यंत काड्यांना पाणी घातलं. आणि रात्रभर एकच वाक्य घोकलं: "ऊन लई व्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली. प्रतिभा आधी उतरली, गळ्यात कॅमेरा घालूनच. फाटक उघडलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"ऊन लई व्हतं," रखमाजी म्हणाला.

"उन्हानं पानं वाळतात, आबा. इथं पानंच नाहीत." ती भिंतीवरच्या रिकाम्या कुंड्यांकडे वळली. "काल तर तुम्ही म्हणालात..."

ज्ञानदेवाने बॅगा खाली ठेवल्या. गुलाबाच्या एका काडीपाशी तो उकिडवा बसला, टोकावरून अंगठा फिरवला. मग चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली.

"किती व्हती?" त्याने विचारलं.

"काय?"

"मेंढरं."

रखमाजीने मान खाली घातली. "नव्वद. आन् सहा शेळ्या."

"शेळ्या?" ज्ञानदेव ताडकन उठला. इस्त्रीची भाषा पार चुरगळून गेली. "आवो आबा, शेळ्या कशापायी घेतल्या आत? शेळी कवा झाडाजवळ सोडत्यात का? न्हानपणी त्यापायी तुमीच मला फोकानं मारलंय!"

"आरं, बोलण्यात ध्यान न्हाई ऱ्हायलं."

"पण मग ते एकोणीस गुलाब?" प्रतिभाने विचारलं. "मोगरा? रोज फोनवर सांगत होतात ते?"

"एकबी नव्हतं, पोरी."

"मग सांगितलंत कशाला?"

रखमाजी कोरफडीकडे बघत राहिला. "न्हाईतर तू फोन ठेवायचीस," तो म्हणाला.

प्रतिभाने गळ्यातला कॅमेरा काढला, त्याचा पट्टा हातावर गुंडाळला, पुन्हा सोडला.

"आणि शेवंतीचा फुटवा?" तिने हळूच विचारलं.

"शेवंती तर तुमी जायच्या आदीच मेली व्हती."

प्रतिभाला हसू आलं. ते दाबता दाबता डोळ्यांतून पाणी आलं, आणि अंकिताला घेऊन ती घाईने आत गेली.

ज्ञानदेव अजून मातीकडेच बघत होता. "कुणाची व्हती?"

"हौसराव म्हून हाय. तुज्या आईच्या नात्यातला निघाला."

"कुठवर गेला आसंल?"

"आज न्हावऱ्याच्या म्होरं काय जायाचा न्हाई. वडगाव रासाईला, भीमंच्या काठाला उतरायचंय त्याला."

ज्ञानदेवाने क्षणभर घराकडे पाहिलं, मग पोर्चमधली स्कूटर ओढून बाहेर काढली.

"बसा."

"आत्ताच परवासातनं आलायस, लेका."

"बसा म्हन्तो न्हवं!"

आतून प्रतिभा ओरडली, "अहो, बॅगा कोण आत घेणार? कुठं निघालात?"

"रोपं आणायला!" ज्ञानदेव ओरडला आणि रोपवाटिकेच्या नेमक्या उलट दिशेला स्कूटर वळवली.

न्हावऱ्याच्या रस्त्याला वारा भट्टीतून आल्यासारखा तोंडावर येत होता. मागे बसलेला रखमाजी सांगत सुटला होता: घाटातला लांडगा, बिनगवताचं साल, बानूबाईची तीन दगडांची चूल. वाऱ्यात ज्ञानदेवाला त्यातलं एक अक्षर नीट ऐकू येत नव्हतं. त्याने स्कूटरचा वेग कमी केला, मान थोडी मागे कलती केली आणि विचारलं, "आन् मंग?"