सहा वार निळं कापड

अक्राच्या बाजारात आपल्याला फसवू शकेल असा व्यापारी अजून जन्माला यायचाय, असं एको बेन्त्सिलचं ठाम मत होतं. वजनमाप खात्यात बावीस वर्षं निरीक्षकाची नोकरी केलेल्या माणसाला असं मत बाळगायचा हक्कही असतो! म्हणूनच माकोला बाजारातून निम्म्या भावात आणलेलं सहा वार कापड त्यानं बायकोपुढे असं उलगडलं, की जणू स्वतः सिंह मारून त्याचं कातडं आणलंय.

"निळ्यावर पांढऱ्या कोंबड्या," अराबा म्हणाली.

"आणि पिल्लं! नीट बघ. अख्ख्या अक्रात हा एकच तुकडा आहे. बाईनं शपथ घेतली."

"मग तू एकटाच घाल."

एकोनं एकट्यानंच घातलं. पायघोळ सदरा, विजार आणि उरलेल्याची टोपी!

शनिवारी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. मागच्या तीन वर्षांत एको ही तारीख तिन्ही वेळा विसरला होता, त्यामुळे अराबानं या खेपेला अट घातली होती. लग्नात ज्या चालीवर नाचलो तीच चाल, तोच बँड आणि समोर नवरा. नाही जमलं तर रविवारी पहिल्या बसनं ती केप कोस्टला बहिणीकडे जाणार, आणि परत कधी यायचं ते तिचं ती बघणार! एकोनं बँडवाल्यांना गाठून नऊ वाजता ती चाल वाजवायचं कबूल करून घेतलं आणि ते वाजवतात त्या हॉटेलात नाचाच्या अंगणालगतचं टेबल राखून ठेवलं. चुकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अराबा पुढे जाऊन टेबलाशी बसली. एको गाडी लावून फाटकातून आत आला आणि जागच्या जागी थबकला. अंगणाच्या उजव्या बाजूला किमान चाळीस माणसं बसली होती, आणि बायका, पुरुष, कडेवरची बाळं, सगळ्यांच्या अंगावर निळं कापड आणि पांढऱ्या कोंबड्या! पिल्लांसकट!

त्याला मागे वळायचीही उसंत मिळाली नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या एका भरभक्कम बाईनं किंचाळून त्याला मिठीत घेतलं.

"आला! आपला क्वामेना आला! आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आला!"

"बाई, मी क्वामेना नाही."

"मी तुझी एफुआमावशी! घरच्या सगळ्यांसाठी काढलेलं हे कापड तुला ताकोराडीला पाठवलं तेव्हा सगळे म्हणाले, तो दगड यायचा नाही. मी म्हटलं, पाठवा तर खरं! मिळालं ना?"

"हे कापड मी माकोलात विकत घेतलंय! मी तुमच्या घरातला नाहीच!"

एफुआमावशीनं छातीवर हात ठेवला. "ऐकलंत? सव्वीस वर्षांपूर्वी दारातून निघून जाताना अगदी हेच म्हणाला होता. शब्द न् शब्द तोच! राग अजून गेला नाही गं पोराचा!"

आणि ती रडायला लागली. तिला बघून आणखी सहा मावश्या रडायला लागल्या.

मग रीतसर सगळं झालं. एकोला खुर्ची मिळाली. पाणी मिळालं. उजवीकडून डावीकडे जात त्यानं चाळीस जणांशी हात मिळवले, बाळांशीसुद्धा. शेवटी हातात काठी घेतलेले एक थोरले मामा समोर बसले आणि म्हणाले, "पाणी प्यालास. आता येण्याचं कारण सांग."

पाणी पिऊन झाल्यावर हा प्रश्न आला की उत्तर द्यायचं, आणि खरं द्यायचं, हे एकोला लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यानं खरं सांगितलं.

"मी माझ्या बायकोबरोबर नाचायला आलोय."

मामांनी चष्मा काढून डोळे पुसले. "जिच्यावरून घर सोडलं, तिलाच घेऊन आलाय," ते म्हणाले. "याला म्हणतात पुरुष!"

टाळ्यांचा कडकडाट झाला!

अंगणापलीकडे हिरव्या पोशाखात अराबा एकटीच बसली होती. समोरचा तळलेला मासा गार होत होता. आपला नवरा परक्या बायकांच्या गळ्यात पडतोय आणि टाळ्या घेतोय, एवढंच तिला तिथून दिसत होतं. तिनं हाताची घडी घातली. पंचवीस वर्षांच्या अनुभवानं एकोला त्या घडीचा अर्थ कळत होता. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

तो उठला तर मावश्यांनी त्याच्या हातात पांढरा रुमाल कोंबला आणि त्याला आजीसमोर उभं केलं. बँडनं हायलाइफ नाचाची संथ चाल धरली. आजी रुमाल हलवत, पाय न उचलता, पाण्यावरच्या होडीसारखी सरकू लागली. एको तिच्या मागे कपाट सरकवल्यासारखा!

"आजी," तो तिच्या कानाशी वाकला, "मी तुमचा क्वामेना नाही हो!"

"माहीत आहे मला. माझा क्वामेना इतका वाईट नाचत नव्हता."

"मग सांगा ना यांना!"

"माझ्या मुलींकडे बघ. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्या एका बाकावर बसल्यात. त्या घरी गेल्या की सांगेन. पाय उचलू नकोस, सरकव!"

चाल संपली तेव्हा अराबा समोर उभी होती. "एको, हे काय चाललंय?"

"ही कोण?" एफुआमावशीनं विचारलं.

"माझी बायको," एको म्हणाला, आणि म्हणताक्षणीच आपण काय करून बसलो ते त्याला कळलं.

बाकावरच्या सातही मावश्या उठल्या. अराबा मागे सरकली, पण एफुआमावशीनं तिचे दोन्ही हात धरले. "पोरी, आमचं चुकलं. तुझा मासा बेचव असतो, असं आम्ही गावभर सांगितलं."

अराबा काही तरी बोलणार होती, ती थांबली. तिच्या माशाबद्दल एकोच्या आईनं पंचवीस वर्षं, दर सणाला, भरल्या पंगतीत नेमकं हेच म्हटलं होतं. माफी मात्र कधी कुणी मागितली नव्हती.

"आणि तू गर्विष्ठ आहेस असंही म्हटलं," दुसरी मावशी म्हणाली. "तुझी चूक नसताना!"

अराबा हळूच मावश्यांच्या मधोमध बाकावर टेकली. कुणी तरी तिला गरम मासा आणून दिला.

"आणखी काय काय म्हटलं होतं?" तिनं विचारलं.

बरोबर नऊ वाजता ट्रम्पेटवाल्यानं ती चाल धरली. लग्नातली, तीच! एको धावत बाकाशी गेला आणि हात पुढे केला.

"अराबा, चल! आपली चाल! आणि ऐक, ही माणसं आपली कुणी नाहीत गं," तो पुटपुटला.

"ते मला कळत नाही का?" तीही पुटपुटली.

"मग ऊठ ना! आणि उद्याची बस?"

"कसली बस? थांब जरा, एको. तिसरी मावशी आत्ता कुठे बोलायला लागलीय. यांची माफी मागून झाली की बघू!"

तिसरीनंतर अजून चार मावश्या होत्या. शेवटी थोरल्या मामांना एकोची दया आली. काठी बाकाला टेकवून ते उठले, आणि आपल्या लग्नाच्या चालीवर एको बेन्त्सिल मामांबरोबर नाचला!